मेश्रामच्या दुकानातला दुसरा पंखा

पाण्याने भरलेल्या स्लॅबखाली मी एका माणसाचं अख्खं पुस्तकांचं दुकान ठेवायला लावलं. स्लॅब मीच टाकला होता. वरचं पाणीही मीच भरवलं होतं. आणि खोलीत नेमकं कुठे पुस्तकं रचायची, हे बोट दाखवून सांगणाराही मीच. या कामात दुसऱ्या कुणाचा हात असता तर मी आनंदाने त्याचं नाव इथे लिहिलं असतं. खूप शोधलं, कुणी सापडला नाही.

सोमवारी सकाळी सायकलवरून साइटवर पोचलो, तर आमचा बुधराम मिस्त्री मार्केटच्या व्हरांड्यात उभा. हातात थापी, पण काम बंद. बुधराम काम बंद ठेवून उभा राहिला की काहीतरी पडलंय किंवा कुणीतरी पडलंय, असं समजायचं.

"का होगे?" मी विचारलं.

"साहेब, कोन्टा वाले दुकान ले पानी निकलत हे."

"तर काय झालं? क्युरिंगचं असेल."

"भांटा रंग के पानी ए, साहेब."

भांटा म्हणजे वांगं. कोपऱ्यातल्या दुकानाच्या दाराखालून वांग्याच्या रंगाचं पाणी व्हरांड्यात येत होतं. सायकल स्टँडवर लावायची राहिली. ती मागे आडवी पडल्याचा आवाज ऐकू आला, पण मी वळून पाहिलं नाही.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर त्या रंगाचा अर्थ लागणार नाही.

मी तेव्हा एका ठेकेदाराकडे साइट इंजिनीअर होतो. डिप्लोमा नागपूरचा, गाव भंडाऱ्याकडचं, घरी धानाची शेती. तिकडे दुर्गाजवळ पोलादाचा प्लांट उभा राहत होता, निम्मी खाती सुरूही झाली होती, आणि इकडे आम्ही टाऊनशिप बांधत होतो. एका सेक्टरचे क्वार्टर्स पुरे होईपर्यंत पुढच्याचे पाये खणलेले असायचे. माणसं आधी आली होती, घरं मागाहून येत होती, आणि दुकानं त्याच्याही मागाहून. तोवर बाजार म्हणजे मरोदा गावाच्या अंगाला टाकलेले टिनाचे शेड. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं, थंडीत वरून दव गळायचं, आणि बारा महिने सगळ्यावर तांबडी धूळ.

त्या शेडांत एक लाइन पुस्तकांची होती. पहिल्या शेडात शाळेची हिंदी पुस्तकं आणि गाइडं. शेवटच्यात घोषबाबू, त्यांच्याकडे बंगाली पुस्तकं आणि आपल्या दिवाळी अंकांसारखे पूजेचे जाडजूड अंक. मध्ये सुखदेव मेश्राम. मराठी. नागपूरहून आणलेल्या जुन्या-नव्या कादंबऱ्या, दिवाळी अंक, धम्माच्या छोट्या पुस्तिका, आणि रशियातून मराठीत छापून आलेली जाड कागदाची स्वस्त पुस्तकं. रशियन मासिकं तर लोक वाचायलाच नेत नसत. त्यांच्या गुळगुळीत कागदाची पोरांच्या वह्यांना कव्हरं छान व्हायची. जनरल शिफ्ट सुटली की त्या लाइनीत चालायला जागा नसायची. विकत घेणारे थोडे, उभ्याने वाचणारे फार.

मेश्रामचा खरा धंदा भाड्याचा. पुस्तक न्यायचं, वाचून परत करायचं. परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं मत लिहायचं आणि खाली नावाऐवजी खात्याचं नाव. ही रीत कुणी पाडली ते माहीत नाही. पण शेडाच्या खांबाला सुतळीने कॉपिंग पेन्सिल बांधलेली असायची. ही पेन्सिल कोरडी असली तर काळपट उमटते, जिभेवर ओली केली की जांभळी. टाइम ऑफिसात हजेरी तिनेच लिहीत, कारण ती खोडता येत नाही. वाचणाऱ्यांच्या जिभांवरून ओळखू यायचं, कोण मत देऊन आला ते.

आणि मतं! एका रडक्या कादंबरीच्या मागे लिहिलेलं मला अजून आठवतं. "नायकाने एक पाळी आमच्या भट्टीवर केली असती तर रडायला वेळ मिळाला नसता. — कोक ओव्हन." त्याखाली, "कोक ओव्हनवाल्यांनी धूर कमी खावा. नायक बरोबर आहे. — रेल मिल." त्याखाली परत कोक ओव्हन. भांडण पुढे कव्हरच्या आतल्या बाजूला गेलेलं. ते वाचायला लोक तीच कादंबरी पुन्हा भाड्याने नेत.

माझं मत नेहमी सगळ्यात लांब. एका पुस्तकाचं मी अर्धंच वाचून पानभर समीक्षा लिहिली आणि शेवटी नायिकेच्या सुखी संसाराबद्दल समाधान व्यक्त केलं. पुढच्या वेळी खाली कुणीतरी लिहिलेलं: "साइट इंजिनीअर साहेबांनी उरलेलं पुस्तक वाचावं. बाई वारली आहे. — ब्लास्ट फर्नेस."

मेश्राम काही पुस्तकं मात्र भाड्याने देत नसे. ती वेगळ्या फळीवर असत. शेंडे नावाचा एक रिगर होता. रिगर म्हणजे उंचावर दोरखंड आणि साखळ्या लावून जड लोखंड चढवणारा. तो फार वाचायचा आणि फार थोडं लिहायचा. "चांगलं आहे." "गावाची आठवण झाली." असं. तो एका चिमणीच्या कामावर वरून पडला. त्यानंतर त्याने मत लिहिलेली सगळी पुस्तकं मेश्रामने काढून बाजूला ठेवली. शेंडेची बायको बाजाराच्या दिवशी यायची. तिला वाचता येत नव्हतं. मेश्राम शेवटची पानं उघडून तिला वाचून दाखवायचा. दर वेळी तेच. ती ऐकायची आणि जायची.

मी हे सगळं पाहायचो आणि मनात म्हणायचो, हे टिकलं पाहिजे. अजून एक गोष्ट मनात होती, ती सांगून टाकतो. मेश्रामचं गाव आमच्या गावाच्या शेजारचं. गावात त्याच्या वस्तीत आणि आमच्या वस्तीत एक ओढा होता, आणि तो ओढा आमच्या घरचं कुणी ओलांडत नसे. इथे मी त्याच्या बाकावर बसून त्याच्या कपातून चहा प्यायचो. त्याचं मला स्वतःचंच फार कौतुक वाटे. आता या माणसाचं भलं केल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. त्याला विचारलं नव्हतं.

सेक्टर दहाचं पक्कं मार्केट आमच्याच ठेक्यात होतं. ते पुरं झालं की मरोद्याचे शेड पाडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानं प्लांटचं इस्टेट ऑफिस चिठ्ठ्या टाकून वाटणार होतं. मेश्रामने अर्ज दिला, घोषबाबूंनीही दिला. ज्याला मिळेल त्याचं दुकान राहील, ज्याला नाही मिळणार त्याचं संपलं.

तेवढ्यात मी ऐकलं की एक कापडवाला शेठ कोपऱ्यातल्या दुकानावर डोळा ठेवून आहे. मागे दुसऱ्या एका सेक्टरात कुणीतरी आधीच सामान भरलं होतं आणि नंतर ते दुकान त्याच्याच नावावर झालं होतं, असंही ऐकलं. साइटवर ऐकलेल्या गोष्टी मी त्या काळात तपासत नसे. मी थेट मेश्रामकडे गेलो.

"मेश्रामभाऊ, शनिवारी सामान हलवा. कोपऱ्याचं दुकान तुमचं."

त्याने हातातलं पुस्तक बंद केलं. "चिठ्ठी निंघाली काय?"

"चिठ्ठी कायची? किल्ली माह्याजवळ हाये. हँडओव्हर होयेपर्यंत सारे दुकानं ठेकेदाराच्या ताब्यात. ज्याचं सामान आत, त्याचं दुकान."

"साहेब, मी अर्ज देल्ला हाये. घोषबाबूनं बी देल्ला. लाइनीत लागन तं लागन."

"अर्जानं दुकान भेटते काय? तो कापडवाला थान आणून टाकन, मंग बसा अर्ज घेऊन."

"अन् कोनी काढून टाकलं तं?"

"कोन काढते? मी हावो ना."

त्याने पुस्तक फळीवर ठेवलं. बाजूच्या शेडातून घोषबाबू ऐकत होते. त्यांनी मान वळवून विचारलं, "क्या हुआ, मेश्राम बाबू?" मेश्राम म्हणाला, "कुछ नहीं दादा. साहेब मदत करून राहिले." अर्धी हिंदी, अर्धी आमची. घोषबाबूंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि परत आपल्या अंकात डोकं घातलं.

मेश्रामने एकच गोष्ट परत विचारली. "साहेब, त्या छपरावर तं पानी भरून हाये ना?"

इथे जरा कामाचं सांगायला हवं. काँक्रीट टाकल्यावर ते वाळवायचं नसतं, भिजवत ठेवायचं असतं. त्याला क्युरिंग म्हणतात. स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून चौकोन करायचे आणि त्यांत पाणी भरून ठेवायचं. आमच्याकडच्या धानाच्या बांध्यांसारखं दिसतं ते. माझे वडील एकदा साइटवर आले होते, शिडीने वर चढून त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "काय पेरलं बे?" या पाण्याचा दुसराही उपयोग असतो. स्लॅब गळत असेल तर खाली लगेच कळतं.

माझा स्लॅब गळत नव्हता. इतके दिवस वर पाणी होतं आणि खाली ओलीचा डागही नव्हता. मी मेश्रामला हात धरून दुकानात नेलं आणि वर बोट केलं.

"पाहा. हे माह्या हातचं काँक्रीट हाये. याच्याखाली कागद काय, मीठ ठेवा."

इथपर्यंत खरं तर ठीक होतं. स्लॅबने मला दगा दिला नसता. पण तिथे उभा असताना मला कल्पना सुचली. दुकानात एका बाजूला मेश्रामचं टेबल राहील. मधोमध लांब बाक टाकू. शिफ्ट करून आलेली माणसं बसून वाचतील. उघडायच्या दिवशी मी चार शब्द बोलेन. आणि वाचणाऱ्यांच्या डोक्यावर पंखा पाहिजे. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक दुकानाला एकच पंखा होता, तो टेबलाच्या वर. मधोमध नव्हता.

पंख्यासाठी स्लॅब टाकतानाच आत एक लोखंडी डबा पुरतात, त्यात हूक असतो. एका डब्यापासून पुढच्या दुकानाच्या डब्यापर्यंत वायरची नळी काँक्रीटच्या पोटातून जाते. नंतर हूक लावायचा म्हणजे खालून छिन्नीने काँक्रीट फोडून सळई शोधायची आणि तिला हूक अडकवायचा. करतात लोक. फक्त वर पाणी भरलेलं असताना करत नाहीत.

बुधरामला बोलावलं.

"एक ठन हुक त हावय, साहेब. दूसर काबर?"

"पढ़ने वालों के लिए."

बुधरामने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परांचीवर चढला. "तोर मरजी."

छिन्नी चालली. वायरची नळी त्याच वाटेने जात होती, तिचा खालून एक टवका उडाला. मी स्वतः पाहिलं आणि म्हणालो, चालेल. हूक अडकवला, जाड सिमेंटचा गिलावा भरला. तासभर खाली थांबलो. थेंब नाही. स्वतःची पाठ थोपटून घ्यायचीच बाकी होती.

शनिवारी दुपारी विटांच्या खेपा टाकून रिकामा झालेला ट्रक मी मरोद्याला पाठवला. मेश्रामने पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधले होते. शेंडेच्या पुस्तकांचा गठ्ठा त्याने ट्रकवर टाकू दिला नाही, मांडीवर घेऊन ड्रायव्हरजवळ बसला.

गठ्ठे उतरवले आणि तो ते भिंतीला लावून रचायला लागला. मी थांबवलं.

"भिंतीले नोका लावू. प्लास्टर ओलं हाये, ओल चढन. मधात रचा."

हे अगदी बरोबर होतं. कुठल्याही पुस्तकात हेच सांगितलेलं आहे. फरशीची ओल लागू नये म्हणून मी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणून खाली अंथरल्या. चारी भिंतींपासून सारख्या अंतरावर, बरोबर मधोमध, कमरेइतका उंच ढीग झाला. वर झाकायला काही टाकावं, हे कुणालाच सुचलं नाही. वर माझा स्लॅब होता ना.

कुलूप लावलं. मेश्रामला म्हणालो, उद्या इकडे फिरकू नका, कुणाच्या नजरेत यायला नको. तो फिरकला नाही. रविवारी साइट बंद. फक्त पाणीवाला येऊन नेहमीप्रमाणे स्लॅबवरचे बांध काठोकाठ भरून गेला. मी खोलीवर बसून चार शब्दांचं भाषण लिहीत होतो. ते चार पानांचं झालं.

तर सोमवार.

दार उघडलं तेव्हा हूक अजून ठिबकत होता. घाई नव्हती त्याला. छिन्नीच्या हादऱ्यांनी नळीपर्यंत बारीक तडे गेले होते; शेजारच्या दोन्ही दुकानांवरचं पाणी त्यांतून नळीत शिरून इथे येत होतं आणि जिथे टवका उडाला होता तिथून उतरत होतं. बाकी सगळा स्लॅब कोरडा ठणठणीत. भिंतींजवळ तर फरशीसुद्धा कोरडी होती.

ढीग फुगून एका अंगाला कलला होता. वरचे गठ्ठे उचलायला गेलो तर कव्हर हातात आलं आणि पुस्तक तिथेच राहिलं. आणि सगळीकडे जांभळं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून ते सुटलं होतं, खालच्या पुस्तकात गेलं होतं, तिथून फरशीवर, तिथून दाराबाहेर. छापलेली शाई जागची हलली नव्हती. गेलं ते फक्त लोकांनी लिहिलेलं.

मेश्रामला निरोप पाठवला. तो आला. ओरडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. मी तयारी केली होती. त्याने चपला बाहेर काढल्या, पाण्यात अनवाणी आत आला आणि उकिडवा बसला. हाताला लागलेलं पहिलं पुस्तक उघडून शेवटचं पान पाहिलं. मग दुसरं. मग ती रडकी कादंबरी.

"पाहा साहेब," तो म्हणाला. "कोक ओव्हन अन् रेल मिलचं भांडन मिटलं."

पान अख्खं एकाच रंगाचं झालं होतं.

मी म्हणालो, "मेश्रामभाऊ, मी नागपूरहून सारी पुस्तकं परत आणून देतो."

"पुस्तकं तं नागपुरात हायेतच."

एवढं बोलून तो शेंडेचा गठ्ठा शोधायला लागला. तो ढिगाच्या अगदी वर होता. जपून ठेवायचा म्हणून वर ठेवला होता.

आता शहाण्या माणसाने इथे हात जोडून थांबायला हवं होतं. मी इंजिनीअर होतो. मला उपाय सुचला. पौषातलं ऊन, त्यात भट्ट्यांचा धूर. उन्हात वाळायला फार वेळ लागला असता आणि तोवर बुरशी आली असती. आमच्या मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये वाळू वाळवायचा विजेचा ओव्हन होता. लॅबवाला माझा मित्र. मी बरी दिसणारी पुस्तकं सायकलवर लादून नेली आणि ओव्हनच्या ट्रेमध्ये लावली.

मित्र म्हणाला, "किती वर ठेवू?"

म्हटलं, "वाळूला ठेवतोस तेवढंच."

वाळू फार सोशिक असते. पुस्तकाच्या पाठीला सरस लावलेला असतो, हे मला तेव्हा वासावरून कळलं. बाहेर काढली तेव्हा पानं पापडासारखी वळली होती आणि पाठी सुटून ट्रेला चिकटल्या होत्या. जी ओली होती पण निदान पुस्तकं होती, ती कोरडी झाली आणि पुस्तकं राहिली नाहीत. मित्राला ट्रे खरवडायला अर्धा दिवस लागला. मी ते सगळं पोत्यात भरून मेश्रामला नेऊन दिलं. त्याने पोतं उघडलं नाही.

दोन-तीन दिवसांनी बाजार भरला. मेश्राम त्याच्या रिकाम्या शेडात बसला होता आणि मी त्याच्याजवळ, काहीतरी सांत्वनाचं बोलत. शेंडेची बायको आली. मी बाकावर सरकून जागा केली. मेश्रामने पोत्यातून नाही, पेटीतून एक पुस्तक काढलं. त्याने ते घरी स्वतः चुलीजवळ पान पान करून वाळवलं असावं. शेवटचं पान उघडून तिच्यासमोर धरलं. पानावर जांभळा ढग होता, अक्षर एक नव्हतं.

"चांगलं हाये," मेश्राम म्हणाला. "गावाची आठवन झाली."

तिने ऐकलं. जांभळ्यावरून एकदा बोट फिरवलं. या वेळी ती म्हणाली, "हे मी घेऊन जाऊ काय, दादा?" त्याने दिलं. ती पुस्तक पदरात गुंडाळून गेली. मी काही बोललो नाही. त्या सबंध प्रकरणात मी योग्य वागलो असा तो एकच क्षण.

इस्टेट ऑफिसला हे कळायचं कारणही मीच. वांग्याच्या रंगाचं पाणी व्हरांड्यातून रस्त्यावर गेलं होतं, त्यामुळे येणारा-जाणारा विचारत होता. त्याच सोमवारी दुपारी ऑफिसातून एक साहेब पाहायला आले. सडपातळ, शांत माणूस. ढिगाकडे बघून त्यांनी विचारलं, "ये क्या है?"

मी झटक्यात म्हणालो, "सर, कंस्ट्रक्शन मटीरियल."

त्यांनी वाकून एक पुस्तक उचललं. "इससे क्या बनता है?"

मी वर हुकाकडे पाहिलं. मेश्राम पुढे झाला. "साहब, किताब मेरी हैं."

"आपकी अर्जी आई हुई है?"

"जी."

"तो अंदर कैसे आए? अलॉटमेंट तो हुआ नहीं."

मी मध्ये पडलो. "सर, गलती मेरी है. चाबी मैंने दी. इनका कोई कसूर नहीं."

ते म्हणाले, "आपका नाम तो हमारी लिस्ट में है ही नहीं, काटें कहाँ से? जिसका सामान अंदर मिला, उसका नाम ड्रॉ से कटेगा. नियम यही है." मग मेश्रामकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाले, "अर्जी दी थी तो रुक जाते, भाई."

मेश्रामने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

कापडवाल्या शेठबद्दल म्हणाल तर त्याने अर्जच दिला नव्हता. त्याला दुर्गात दुकान मिळालं होतं. मी ऐकलेली बातमी जुनी होती.

आमचे ठेकेदार वेलजीभाई, कच्छचे. त्यांनी आयुष्यात बांधकामाच्या हिशेबाशिवाय काही वाचलं नव्हतं. त्यांनी मला ऑफिसात उभं केलं.

"तुम इंजीनियर है कि लाइब्रेरियन?"

"सेठ, भावना अच्छी थी."

"भावना का रेट क्या है? शेड्यूल में दिखाओ. नहीं है ना? दूसरा हुक किसने बोला था?"

"मैंने."

"ड्रॉइंग में है?"

"नहीं."

"तो अब वो छेद तुम बंद कराएगा, ऊपर से नीचे तक, और कल से मरोदा में गटर का लेवल देखेगा. वहाँ पानी जितना जाए उतना अच्छा."

छेद बुजवला. त्या दुकानात मधोमध पंखा कधीच लागला नाही. मी गटारीवर गेलो आणि तिथलं काम मात्र चांगलं केलं. उतार बरोबर, एकही जॉइंट गळाला नाही. कुणी बघायला आलं नाही.

काही महिन्यांनी ड्रॉ निघाला. एका डब्यातून चिठ्ठ्या काढल्या, सगळ्यांसमोर, सरळ. घोषबाबूंना दुकान लागलं. कोपऱ्यातलं नाही, मागच्या बाजूचं, लहान. हिंदी गाइडवाल्यालाही लागलं. जेवढे पुस्तकवाले अर्ज देऊन रांगेत बसले होते, ते सगळे आत गेले. मग मरोद्याचे शेड पाडले. पत्रे काढताना मी तिथेच लेव्हल घेत होतो. मधल्या शेडाच्या खांबाला सुतळी लोंबत होती. पेन्सिल नव्हती.

मेश्राम प्लांटमध्ये खलाशी म्हणून, म्हणजे जड सामान ओढणारा मजूर म्हणून, लागला. त्याच्या मेव्हण्याने लावून दिलं. त्या सेक्टरात मराठी पुस्तकाचं दुकान मग झालं नाही. कुणी नागपूरला गेलं की एखादं पुस्तक आणायचं, ते हातोहात फिरायचं आणि कुठेतरी अडकायचं. दिवाळी अंक यायचे, मग तेही कमी झाले. रीत म्हणून शेवटच्या पानावर लिहिणारे थोडे दिवस लिहीत होते. पण परत करायला जागाच नसल्यावर मत कुणासाठी लिहायचं? आमच्या क्वार्टर्समधली पोरं हिंदीत वाचायला लागली. माझीही. त्यांचा दोष नाही. घोषबाबूंचं दुकान होतं म्हणून बंगाली पोरं बंगाली वाचत राहिली, एवढाच त्यातला फरक.

ड्रॉच्या पुढच्याच वर्षी एकदा घोषबाबूंच्या दुकानावरून चाललो होतो. आत मेश्राम दिसला. पोरीसाठी वही घेत होता. अंगावर प्लांटचे निळे कपडे, हाताला ग्रीस. मला पाहून त्याने नमस्कार केला. त्याने माझ्याशी बोलणं कधी बंद केलं नव्हतं, ते एक वाईटच. घोषबाबूंनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. दुकान लहान होतं, पण नीट होतं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पुस्तकं, एक पंखा.

स्लॅबबद्दलचा धडा मी एव्हाना पक्का शिकलो होतो, आणि तो नव्या मुलांना पुढे नोकरीभर सांगत आलो. गळत नसलेल्या स्लॅबला हात लावू नये. लावलाच, तर त्याच्याखाली असं काही ठेवू नये जे परत ओतता येत नाही. धडा सोपा आहे. पण स्टुलावर बसल्या बसल्या समोरच्या भिंतीवर एक रिकामी फळी दिसली आणि मला परत कल्पना सुचली.

"मेश्रामभाऊ," मी म्हणालो, "ती फळी पाहा. रिकामी हाये. तिच्यावर मराठी पुस्तकं ठेवू. मी घोषबाबूसंग बोलतो. फळी जराशी खाली घ्या लागन, दोन खुंट्या ठोकू, मी मानूस आनतो."

मी उठलोसुद्धा होतो. मेश्रामने वही काखेत घातली आणि माझ्या आणि फळीच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"घोषबाबूच्या दुकानाले हात नोका लावू, साहेब," तो म्हणाला. "त्याले अजून कोनी मदत केली नाई, म्हनून ते उभं हाये."